रोखे जाळणारे आणि रोखे घेणारे

पुण्यात सहकार आयुक्तालयाच्या आवारात झाडाखाली बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, सोसायटीचे पासबुक आणि एक घडी घालून घालून फाटायला आलेली नोटीस. मागच्या महिन्यात तिथेच पुरंदरकडचे एक शेतकरी भेटले. सत्तरीला टेकलेले. डाळिंबासाठी मध्यम मुदतीचे कर्ज काढले, बागेला तेल्या लागला, बाग उपटून टाकली. मुद्दल तीन लाख वीस हजार, आता आकडा पावणेसहा लाखांवर. कलम १०१ खाली वसुली दाखला निघालेला. साहेबांना भेटून हप्ते पाडून मागायला आले होते.

बोलता बोलता त्यांनी विचारले, "साहेब, पेपरात वाचतो, अमक्या कंपनीनं दिवाळं काढलं, तमक्या कंपनीनं दिवाळं काढलं. बँकेनं निम्म्याहून जास्त सोडून दिलं म्हणे. आमच्यासारख्याला काढता येतं का हो दिवाळं?"

मी हसलो, पण उत्तर चटकन देता आले नाही. मग घरी येऊन कायदे काढून बसलो. हा लेख म्हणजे त्या मामांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे. तुम्हीही वाचा, कारण उद्या हा प्रश्न तुमच्या उंबऱ्यावर येऊ शकतो.

उत्तर असे की, दिवाळे काढता येते, पण ज्याचे काही उरलेले नाही त्यालाच. खेड्यापाड्यातल्या माणसासाठी आजही १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदा आहे. पाचशे रुपयांचे कर्ज असले की जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पाचशे! आकडा शंभर वर्षांत कुणी बदललेला नाही, यावरून त्या कायद्याकडे कुणाचे किती लक्ष आहे ते समजा. अर्ज केला की मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. शेतकऱ्याचे राहते घर, औते, बैल आणि बियाणे यांना दिवाणी संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून सूट आहे, पण जमीन जाते. आणि जमीन गेल्यावर औते कुठे धरायची?

दुसरा कायदा २०१६ सालचा, नादारी आणि दिवाळखोरी संहिता. पेपरात येतो तो हाच. त्याचा कंपन्यांचा भाग १ डिसेंबर २०१६ ला लागूही झाला, म्हणजे राष्ट्रपतींची सही होऊन सहा महिने होतात तोवर. त्याच संहितेत तिसरा भाग आहे, तो तुमच्या-आमच्यासारख्या व्यक्तींसाठी. त्यात हप्त्यांची योजना मांडून सावकाराशी आणि बँकेशी तडजोड करण्याची सोय आहे. अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' म्हणून एक प्रकरण आहे, ज्यात कर्ज माफ होऊन माणूस मोकळा होतो. हा तिसरा भाग लागू केला तो फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून. साध्या कर्जदारासाठी तो अजूनही कपाटात आहे.

आणि उद्या लागू झाला तरी त्या 'नव्या सुरुवाती'च्या अटी ऐका. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत हवे. मालमत्ता वीस हजारांच्या आत. कर्ज पस्तीस हजारांच्या आत. स्वतःचे घर असता कामा नये. तारण दिलेले कर्ज त्यात धरतच नाहीत. म्हणजे ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे तो बाद, ज्याच्या डोक्यावर पत्र्याचे का होईना छप्पर आहे तोही बाद. पुरंदरच्या मामांना यातले काहीच लागू होत नाही.

आता कंपन्यांकडे बघा. औरंगाबादेत मोठी झालेली व्हिडिओकॉन घ्या. तिच्याकडून येणे म्हणून मान्य झालेली रक्कम जवळजवळ पासष्ट हजार कोटी होती. जून २०२१ मध्ये मुंबईच्या कंपनी लवादाने जी योजना मंजूर केली ती २,९६२ कोटींची. रुपयाला पाच पैसेसुद्धा नाहीत. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपील लवादाने ती योजना रद्द केली, हेही सांगायला हवे. आणि न्यायाने बोलायचे तर या संहितेने बड्या लोकांना फुकट सोडले असे सरसकट म्हणता येणार नाही. कित्येक जुन्या मालकांच्या हातून कंपन्या गेल्या, आणि बुडवणाऱ्या मालकाला तीच कंपनी स्वस्तात परत घेता येऊ नये म्हणून २०१७ मध्ये बंदीही घातली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितलेला आकडाही तुम्ही ऐकला असेल: २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटींची कर्जे हिशेबातून काढून टाकली. काढून टाकणे म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, असे सरकार म्हणते, आणि ते कायद्याने खरे आहे. मुद्दा वेगळा आहे. कंपनीला हरण्याचा एक रीतसर रस्ता आहे. लवाद आहे, मुदत आहे, वकील आहेत. शेतकऱ्याला हरायचाही रस्ता नाही. तो कर्जमाफीची वाट बघतो, आणि कर्जमाफी निवडणुकीची वाट बघते. २००८ ची केंद्राची माफी झाली, २०१७ ची दीड लाखापर्यंतची झाली, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची झाली. यांपैकी एकही कायमचा कायदा नव्हता. त्या त्या सालात बसला तो सुटला, एका दिवसाने चुकला तो राहिला.

असा कायमचा कायदा आपल्या पुणे जिल्ह्याने एकदा मिळवून दिला होता, हे आपणच विसरलो. १२ मे १८७५. सुपे गाव, आज बारामती तालुक्यात आहे ते. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. माणसे मारणे हा हेतू नव्हता. त्यांना हवे होते सावकाराच्या पेटीतले रोखे. ते काढले आणि जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पहिल्यांदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती लावले, हे तपासायचा अधिकार दिला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. आणि लक्षात घ्या, शेतकऱ्यासाठी नादारीचे स्वतंत्र प्रकरण त्यात होते. पन्नास रुपयांपासूनच्या कर्जाला ते लागू होते, आणि खास गहाण न टाकलेली जमीन लिलावात काढता येत नव्हती. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून गावोगावच्या न्यायालयांची दप्तरे तपासत फिरले.

तो कायदा सोन्याचा होता असे नाही. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तेव्हा शेतकऱ्याला मत नव्हते, आमदार नव्हता, पक्ष नव्हता. आणि तरी कायदा झाला, कारण सरकारला बंडाची धास्ती होती आणि कायदा करणाऱ्यांच्या कौन्सिलात सुप्याचा सावकार बसलेला नव्हता.

मग आज, मत असताना, का होत नाही? इथे मला तुम्हाला थोडे अमेरिकेत न्यावे लागेल. कारण तिथे सावकाराने कायदा कसा करून घेतला, याचा हिशेब लोकांसमोर आहे.

अमेरिकेत क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांना दिवाळखोरीचा कायदा कडक करून हवा होता, म्हणजे साध्या माणसाला कर्जातून सहज सुटता येऊ नये. त्यासाठी त्यांनी सात-आठ वर्षे पिच्छा पुरवला. एकदा २००० मध्ये क्लिंटन यांनी सही न करता विधेयक पाडले. शेवटी २००५ मध्ये ते सिनेटमध्ये ७४ विरुद्ध २५ आणि प्रतिनिधी सभेत ३०२ विरुद्ध १२६ मतांनी मंजूर झाले, आणि २० एप्रिलला बुश यांनी सही केली. एमबीएनए नावाची कार्ड बँक त्यात पुढे होती. तिचे अधिकारी-कर्मचारी बुश यांच्या २००० च्या प्रचाराचे सर्वांत मोठ्या देणगीदारांत होते. ती बँक डेलावेअर राज्यातली. त्या राज्याचे सिनेटर जो बायडेन, विरोधी पक्षाचे असूनही त्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले. पंधरा वर्षांनी अध्यक्षपदाच्या प्रचारात त्यांना त्याचा जाब द्यावा लागला.

जाब का द्यावा लागला? कारण कुणी किती देणगी दिली हे नोंदलेले होते आणि कुणी कोणत्या बाजूने मत दिले हेही नावानिशी नोंदलेले होते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की झाले. देणगी घेतली म्हणूनच मत दिले, हे त्यातूनही सिद्ध होत नाही. पण प्रश्न विचारता येतो.

आणखी एक गंमत बघा. तोच कायदा मांडणारे सिनेटर ग्रासली आयोवाचे, स्वतः शेती करणारे. त्यांनीच १९८६ च्या शेती संकटात कुटुंब-शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरी कायद्यात बारावे प्रकरण घालून घेतले होते. शेतकऱ्याने जमीन कसत राहायची, तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना न्यायालयासमोर मांडायची, तेवढ्या काळात बँकेने जप्ती आणायची नाही. ते प्रकरण तात्पुरते होते. ज्या २००५ च्या कायद्याने कार्डवाल्या गरिबांना आवळले, त्याच कायद्याने शेतकऱ्यांचे हे प्रकरण कायमचे केले. बँकांचा कायदा करतानासुद्धा शेतकऱ्यांच्या आमदाराने शेतकऱ्यांचे पदरात पाडून घेतले. मामांना हवे आहे ते हेच बारावे प्रकरण.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे दोन्ही याद्या नाहीत.

पहिली यादी देणग्यांची. २०१७ च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोखे आले. बघा, शब्द तोच, रोखे. कंपनीने स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव कुणाला कळायचे नाही. त्याआधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत होती, ती मर्यादाही काढली. राज्यसभेने २९ मार्च २०१७ ला पाच दुरुस्त्या मंजूर केल्या, त्यात ही मर्यादा परत आणावी अशीही एक होती. दुसऱ्या दिवशी लोकसभेने पाचही फेटाळल्या. धनविधेयक म्हणून आणले होते, त्यामुळे राज्यसभेला पुढे काही करता आले नाही. सात वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही सगळी योजना घटनाबाह्य ठरवली. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश चंद्रचूड, घराणे मूळचे आपल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. तोवर सोळा हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले होते. मार्च २०२४ मध्ये नावे बाहेर आली. त्यात लॉटरीवाले होते, ठेकेदार होते, खाणवाले होते, वित्त कंपन्याही होत्या. एका पक्षाला सर्वांत जास्त मिळाले हे खरे, पण घेतले जवळजवळ सगळ्या मोठ्या पक्षांनी, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत आणि आपल्यात एक फरक आहे, तो ध्यानात ठेवा. आपल्याकडे मोठे कर्ज देतात त्या बहुतेक सरकारी बँका. सरकारी कंपनीला पक्षाला देणगी देता येत नाही. म्हणजे आपल्याकडे देणगी येते ती मुख्यतः कर्ज घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून. ज्यांनी देणगी दिली त्यांचा दिवाळखोरीचा भाग सहा महिन्यांत लागू झाला. ज्यांनी दिली नाही, देऊ शकत नव्हते, त्यांचा भाग कपाटात राहिला. एकामुळे दुसरे घडले असा पुरावा माझ्याकडे नाही, माझा संशय आहे. तुमचाही असेल.

दुसरी यादी मतांची. तुमच्या खासदाराने २०१६ च्या संहितेवर काय मत दिले, सांगा बघू. सांगता येणार नाही. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'वाले होय म्हणतात, 'नाही'वाले नाही म्हणतात, अध्यक्ष ऐकतात आणि निकाल देतात. नाव कुठेच लागत नाही. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाने व्हीप काढला की सदस्याला वेगळे मत देता येत नाही; दिले तर सदस्यत्व जाते. म्हणून इथे कुणी एकेका सदस्याला पटवत बसत नाही. पक्षाला दिले की काम झाले.

आता दिल्लीहून आपल्या जिल्ह्यात उतरू, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे. अमेरिकेत सावकाराने आमदाराला देणगी दिली. आपल्याकडे त्याची गरजच पडत नाही. आपल्याकडे बँकेचा संचालक आणि आमदार एकच असतो. पुणे जिल्हा बँकेचेच उदाहरण घ्या. अजित पवार १९९१ ते २०२३ तिचे संचालक होते, आणि त्याच काळात आमदार होते, अर्थमंत्री होते, उपमुख्यमंत्री होते. यात त्यांनी काही नियमबाह्य केले असे मी म्हणत नाही. बँकही बुडाली नाही, राज्यातल्या सुस्थितीतल्या जिल्हा बँकांत तिचे नाव घेतात. वर्धा, नागपूर, बुलढाण्याच्या ठेवीदारांना विचारा म्हणजे याची किंमत कळेल. प्रश्न माणसाचा नाही, खुर्चीचा आहे, आणि तो प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक पक्षात आहे.

बघा, कलम १०१ महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातले. ते बदलायचे, त्यात शेतकऱ्याला दोन वर्षांची उसंत द्यायची, तर कुठे? विधानसभेत. तिथे बसलेले कितीतरी जण त्याच कलमाखाली वसुली करणाऱ्या बँकेचे, पतसंस्थेचे संचालक. शिवाय ते साखर कारखान्याचे अध्यक्ष, म्हणजे राज्य सहकारी बँकेचे मोठे कर्जदार. कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी, आणि ती थकहमी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या सरकारातही त्यांचीच माणसे. देणारा, घेणारा आणि कायदा करणारा, तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर. मे २०११ मध्ये राज्य बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक आणावे लागले, तेव्हा त्या मंडळात एकाहून जास्त पक्षांचे पुढारी होते. विधानसभेत एकमेकांवर तुटून पडणारे बँकेच्या टेबलाभोवती गुण्यागोविंदाने बसतात, हे गावातल्या पोरालाही माहीत आहे.

आणि गावात काय नियम आहे? ग्रामपंचायत सदस्याने घरपट्टी मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर त्याचे पद जाते. सरपंच-ग्रामसेवक मंडळींना हे सांगायला नको, अशी किती प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे चालू असतात. सोसायटीचा थकबाकीदार संचालक होऊ शकत नाही. आमदार-खासदाराला घटनेने एकच अट घातली: न्यायालयाने नादार ठरवून मुक्त न केलेला माणूस सभागृहात बसू शकत नाही. पण त्याने चालवलेली संस्था कितीही बुडाली तरी त्याच्या सदस्यत्वाला धक्का लागत नाही. हजार रुपयांची घरपट्टी आणि शेकडो कोटींचे कर्ज, वजनकाटा वेगवेगळा.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय करायचे? रोखे जाळायचे दिवस गेले, आणि आता जाळायला कागदही नाही, सगळे संगणकात. मला तीन मागण्या सुचतात आणि तिन्ही ग्रामसभेत ठराव करून पाठवण्यासारख्या आहेत. कर्ज, वसुली आणि दिवाळखोरीच्या कोणत्याही विधेयकावर मतविभागणी मागा. सभागृहात सदस्याने मागितली तर नावे नोंदवून मत घेता येते. तुमच्या आमदाराला एवढेच विचारा, तुम्ही ती मागाल का? दुसरे, जो सदस्य कर्ज देणाऱ्या संस्थेचा संचालक आहे त्याने बोलण्यापूर्वी ते जाहीर करावे आणि त्या विधेयकावर मत देऊ नये. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांचे नोंदणी पुस्तक आहे, मग विधानभवनात असायला अडचण काय? तिसरे, संहितेचा तिसरा भाग लागू करा आणि त्यात शेतकऱ्यासाठी वेगळे प्रकरण घाला. जमीन कसत ठेवून पाच वर्षांत फेड, तोवर जप्ती नाही. १८७९ मध्ये गोऱ्या सरकारने जे दिले त्याहून हे फार वेगळे नाही.

तोवर हातात आहे ते वापरा. जमीन सावकाराने बेकायदा व्याजापोटी लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर जमीन परत मिळू शकते. बँकेने सरफेसी कायद्याची नोटीस शेतजमिनीवर लावली तर घाबरू नका, शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. निवडणुकीत उमेदवार प्रतिज्ञापत्र भरतो, त्यात त्याची कर्जे लिहिलेली असतात. ती वाचा, चावडीवर मोठ्याने वाचा.

परवा मामांना फोन केला. म्हटले, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण कामाचे नाही. ते म्हणाले, "असू द्या साहेब. हप्त्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. पुढच्या मंगळवारी बोलावलंय. सोसायटीचे चेअरमनही येणार आहेत म्हणे." चेअरमन कोण, विचारले. तर तालुक्याच्या बँक संचालकांचा पुतण्या. मंगळवारी मीही जाणार आहे.